दिवस मावळायच्या आतला डबा

समडोळीच्या गुणमालाकाकूंना कुणी "आता ती गाडी विकून टाका" म्हणालं, की काकू त्याला असं काही ऐकवतात, की पुन्हा तो माणूस गाडीकडं बघतसुद्धा नाही. पन्नाशी उलटलेली बाई, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, मागं डब्यांची पिशवी करकचून बांधलेली, आणि खाली किक मारून चालू होणारी काळी जुनी मोटारसायकल. गाडी खरी नवऱ्याची, अजितकुमारांची. ते लग्नाकार्यातले आचारी. चुलीपुढं जन्म गेला आणि मग डोळ्यांत काचबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. त्यांनी सोडली, बाईनं धरली. गावानं आठ दिवस हसून घेतलं आणि मग हसून हसून गावच दमलं.

आता नवरा रांधतो आणि बायको पोचवते. मिरजेच्या दवाखान्यांत पेशंटजवळ बसलेल्या जैन मंडळींना हा संध्याकाळचा डबा जातो. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आणि मुख्य म्हणजे दिवस मावळायच्या आत हातात पडला पाहिजे. मावळल्यावर ही मंडळी खात नाहीत; तेव्हा पोचला तर त्या डब्याचा उपयोग शून्य, मग आत पुरणपोळी का असेना.

भादव्यात जैनांचं, व्रतं-नियम धरायचं दशलक्षण पर्व झालं आणि गाडीला धाप लागली. चालू व्हायची झकास. पण रस्त्याला लागून जरा अॅक्सिलरेटरचा कान पिळला, की घुसमटायची, काळा धूर सोडायची आणि कृष्णेच्या पुलावर हटकून बंद पडायची. एका संध्याकाळी तर काकू पुलावर किका मारून मारून घायकुतीला आल्या. मिरजेत पोचल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

बाकीचे कुरकुरले, ते ठीक. पण सोनाक्का कुरकुरल्या नाहीत. कागवाडकडची म्हातारी, नवरा आप्पासो ऑपरेशन होऊन आत पडलेला, सोबतीला दुसरं कुणी नाही. स्वतःला साखर. त्यांनी डबा हातात घेतला, खिडकीबाहेर बघितलं आणि झाकण न उघडता डबा बाजूला ठेवला.

"असू दे गं बाई. आता उद्याच."

म्हातारी चार शब्द बोलली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी कळलं, की गोळी घेतलेली आणि पोट रिकामं, म्हणून सोनाक्कांना पहाटे भोवळ आली, नर्सनं धरलं म्हणून निभावलं. त्या दिवशी त्यांनी रिक्षा केली आणि डबे वेळेत नेले. पण रोज रिक्षा परवडती तर मग काय हवं होतं. गाडी नीट होत नसेल तर डबे बंद, हे उघड होतं. आणि डबे बंद झाले तर सोनाक्का काय खाणार, हेही उघडच होतं.

सांगलीवाडीचा रविराज मिस्त्री मूळचा आटपाडीकडचा गडी, बोलायला मोकळा. त्यानं कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला होता, स्क्रू फिरवून बघितला होता.

"काकू, कार्ब झिजलाय बगा. दुसरा कोल्हापुरास्नं मागवतो, पण आठ दिस जातील."

"आठ दिस माझी म्हातारी उपाशी बसवू व्हय रं?"

"मग मी काय करू सांगा? हितं गाड्यांची रांग लागलीया."

"तू नगं करू. मला सांग, मी करते."

रविराज हसला, पण सांगितलं मात्र नीट. "गाडी जोरात पळवायची, पळता पळता क्लच दाबून बंद करायची आन् तितंच प्लग काढून बगायचा. पांढरा पडला तर पेट्रोल कमी पडतंय. काळा, काजळी धरलेला असला, तर पेट्रोल जास्ती, न्हाईतर हवा कमी. भाजलेल्या बिस्किटावानी तपकिरी दिसला, म्हंजी गाडी गुणाची."

काकूंनी दुपारी गाडी दुधगाव रस्त्याला काढली. ऊस दोन्ही बाजूंना उभा, रस्ता मोकळा. जोरात पळवली, बंद केली, पदर गुंडाळून तापलेला प्लग काढला. तव्याच्या बुडासारखा काळा.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला दाखवला. अजितकुमारांनी प्लग डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "चूल धुरावलीया. लाकूड जास्ती, न्हाईतर वारा कमी."

"त्येच म्हणतोय की रविराज."

आधी लाकूड बघू म्हणून काकू पेट्रोलच्या मागं लागल्या. कार्बोरेटरमधली सुई एक खाच खाली घेतली, म्हणजे पेट्रोल कमी ओढेल. पुन्हा रस्त्यावर, पुन्हा प्लग. काळाच. खालच्या नळीतून पेट्रोल गळतंय का बघितलं, तर एक थेंब नाही. हात काळे झाले, नखं काळी झाली, शेजारची प्रियदर्शनी दारातून "काकू, ऱ्हाऊ द्या की आता" म्हणून गेली. काकूंनी तिच्याकडं मानसुद्धा वळवली नाही. हट्टाला पेटलेली बाई ती. पेट्रोल निर्दोष आहे, तर मग चोर हवेच्या वाटेवर बसलाय, एवढं त्यांना कळलं होतं.

ती वाट त्यांनी कार्बोरेटरपासून उलटी धरली. रबरी नळी, फिल्टरचा डबा, सगळं स्वच्छ. मग सीट उचकटली. रविराजला तिथं हात घालायचं कारणच पडलं नव्हतं. फिल्टरच्या डब्याचं तोंड, जिथून गाडी हवा ओढते, तिथं दुहेरी कापड ताणून दोऱ्यानं बांधलेलं. कधीकाळी पांढरं असणार. आता उसाच्या रस्त्याची धूळ बसून त्याचं पोतेरंच झालं होतं. पण वीण काकूंनी ओळखली. हंड्यावर पाणी गाळायचं कापड.

"आवं, हे कुणी बांधलं?"

अजितकुमार चुलीपुढनं हलले नाहीत. "मी."

"कशापायी?"

"पर्वात जीव न मारायचा नियम घेतला. संध्याकाळचं किडं, पाकोळ्या, सगळं त्या तोंडातनं आत जातंय. पाणी गाळून पितो आपण. गाडीनं हवा काय तशीच प्यायची? तुझं डबं चांगल्या कामाला जात्यात, आन् वाटेत इतकं जीव मारायचं?"

काकूंना संताप आला आणि त्याच दमात गहिवरही आला. त्या माणसाला धड दिसत नाही, चाचपडत सीट काढून त्यानं ते बांधलं असणार. कापड उपटून फेकणं सोपं होतं. पण मग नवऱ्याचा नियम मोडणार, आणि तोही बायकोच्या हातानं. ठेवलं तर म्हातारी उपाशी. दोन्हीतलं एकही काकूंना मान्य नव्हतं.

त्यांनी माळ्यावरची फाटकी मच्छरदाणी काढली, धड राहिलेला भाग कापला आणि तोंडावर घट्ट न ताणता पिशवीसारखा फुगीर बांधला.

"ह्यातनं पाकोळी जाती का बगा."

अजितकुमारांनी बोटांनी चाचपलं. "न्हाई जात."

"आन् वारा?"

त्यांनी फुंकर मारली. "जातोय."

सुई परत जुन्या खाचेत, नवा प्लग, आणि पुन्हा दुधगावचा रस्ता. या वेळी गाडी घुसमटली नाही. प्लग काढला तर तपकिरी. काकू रस्त्याच्या कडेला एकट्याच हसत उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी पूल कधी मागं पडला कळलं नाही. वॉर्डात शिरल्या तेव्हा खिडकीतून ऊन सरळ कॉटवर येत होतं. सोनाक्कांनी हात धुतले, डबा उघडला, भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी झाकणावर ठेवून काकूंपुढं सरकवली.

"मला कशाला? मी घरी जाऊन..."

"घरी पोचस्तवर अंधार पडतोय. तूबी आमच्यातलीच न्हवं? मग तू कवा जेवतीस गं?"

डबे सुरू केल्यापासून संध्याकाळचं जेवण त्यांना माहीत नव्हतं. निघायची घाई असायची, परतेपर्यंत दिवस गेलेला असायचा. नवऱ्याला त्या दवाखान्यात खाल्लं म्हणून सांगायच्या. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

"मला सवय हाय, आक्का."

"उपाशी ऱ्हायची सवय मलाबी हाय. बस खाली."

काकू कॉटशेजारी जमिनीवर बसल्या. डोळे भरून आले, म्हणून त्या मान खाली घालूनच जेवल्या. भाकरी संपली तेव्हा समोरच्या भिंतीवर ऊन अजून होतं.