आढ्याला खोचलेला फोक

निजामी फसली सालातल्या बहमन महिन्याची पाच तारीख, सोमवार, सकाळ. हजर: थोरले मास्तर, दुय्यम मास्तर म्हणजे मी, तिसरीची अकरा पोरं, तपासणीला आलेले नाझरसाहेब आणि गावचे पाटील. गैरहजर कुणी नाही. ज्वारीच्या राखणीचे दिवस होते, तरी अकराच्या अकरा आले, कारण आदल्या दिवशी मीच घरोघर सांगत फिरलो होतो.

शाळा भरायची पाटलांच्या पडवीत. शाळा मराठी, राज्य निजामाचं, म्हणून उर्दू सक्तीची. थोरल्या मास्तरांची पद्धत एकच होती. रोज दहा शब्द अर्थासकट पाठ. चुकला की निरगुडीचा फोक, एका शब्दाला दोन. रडला तर तिसरा. पोरांच्या तळहातांना घट्टे पडले तसे ते पोटऱ्यांवर मारू लागले. एकाच्या कानाच्या पाळीत खडा धरून त्यांनी असं पिळलं की रक्त सदऱ्यावर आलं. शिक्षेची वही माझ्याकडे असे: तारीख, पोरगं, शब्द, फटके. महिनाअखेरीस ती चाळली तर तीच पोरं, तेच शब्द. मार तेवढा वाढला होता.

वही मी मास्तरांपुढे ठेवली. म्हणालो, शब्द सुटा द्यायचा नाही, वाक्यात द्यायचा. आधी काय आलं, मागून काय झालं, ते बघून पोरांनीच अर्थ काढायचा.

"अन् न्हाई निघाला तर?"

"निघेल."

"तपासणीपातूर फोक आढ्याला खोचतो," ते म्हणाले. "साहेबापुढं एक जरी शब्द चुकला तर तो तुमीच खाली काढायचा. मारायचं बी तुमीच. अकराच्या अकरा."

मी हो म्हणालो.

नव्या वहीत तीन रकाने पाडले: शब्द, वाक्य, कुणाला आला. मराठी वाक्यात एकच उर्दू शब्द घालायचा. 'बैल दिवसभर उन्हात होता, हौद दिसताच धावला, त्याला प्यास लागली होती.' "तहान!" अकरा तोंडं एकदम. 'गोफण घेऊन माळ्यावर उभा राहिलो, कारण पाखरं कणसांची दुश्मन.' "वैरी!" आणि मागून एक जण, "मंग पाटलाची गुरं बी दुश्मनच की वो, मास्तर!" सगळे हसले, मीही हसलो. पुस्तकातले शब्द एकेक करून वहीत आले. 'रहम' या शब्दाला तेवढं वाक्य सुचेना. रकाना कोरा सोडला, नंतर भरू म्हणून.

तपासणीच्या आठ दिवस आधी कुणा अंमलदाराचं सामान मांजरसुंब्याचा घाट चढवून द्यायचं होतं. पाटलाने एका शेतकऱ्याला वेठीला बोलावलं. तो म्हणाला, आज राखण आहे, उद्या येतो. चावडी शाळेच्या समोरच. त्याला खांबाला बांधून ओल्या दोरखंडाने मारलं. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्या वर्गात दुसऱ्या रांगेत बसला होता. मी म्हणालो, "फळ्याकडे बघा." सगळ्यांनी बघितलं. बाहेर तो माणूस काय ओरडतोय ते ऐकू न आल्यासारखं करून मी धडा पुरा केला.

तपासणीत साहेबांनी विचारलेले नऊ शब्द बरोबर आले. थोरले मास्तर चक्क हसले. दहावा आला, रहम. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग दुसऱ्या रांगेतला तो मुलगा उभा राहिला.

"मी सांगू? माझा बा म्हणत व्हता, रहम करा सरकार, रहम करा. म्हणला की पुन्हा हाणायचे. लई येळा म्हणला. मग त्याची वाचाच गेली, तवा थांबले. म्हंजी रहम करा म्हंजी अजून मारा."

"हे कोणी शिकिवलं बे तुला?" पाटील म्हणाले.

"मास्तरांनी," त्याने माझ्याकडे बोट केलं. "आधी काय, मागून काय, ते बघायचं."

नाझरसाहेबांनी एकदा पाटलांकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. "गलत," एवढंच म्हणाले. मग दोघे जेवायला निघाले. उंबऱ्यात पाटील वळले. "मास्तर, ही पडवी माझी हाय, ध्यानात ऱ्हाऊ द्या."

थोरल्या मास्तरांनी आढ्याकडे बोट केलं. मी फोक काढला. महिनाभरात तो वाळून कडक झाला होता. दहा जणांना दोन-दोन दिले. दुसऱ्या फटक्याला कातडं फुटत होतं.

"त्याला शेवटी," मास्तर म्हणाले. "मी थांबा म्हणेपातूर."

पहिल्याच फटक्याला त्या मुलाने दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं. एकदा विनवणी केली असती तर मास्तर थांबा म्हणाले असते. त्यांना तेवढंच हवं होतं. पण तो त्याला माहीत असलेला अर्थ धरून उभा होता. तो बोलेना, ते थांबवेनात, आणि मी मारत राहिलो. चौदाव्याला फोक मोडला. पोटऱ्यांवरून रक्त टाचेपर्यंत आलं होतं. मी वहीत लिहिलं: चौदा.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो. बाप अजून पालथाच पडून होता. मान न वळवता म्हणाला, "मास्तर, पोरगं इचारतंय, त्याचं चुकलं कुठं?"

मुलगा दारात बसून गोफण विणत होता. मी म्हणालो, "तुझा अर्थ चुकीचा आहे. बरोबर अर्थ निघेल असं वाक्य तुला आणून देतो. इथलंच, तू पाहिलेलं."

"कवा?"

"उद्या."

त्याला बरीच वर्षं झाली. शाळा बदलल्या, वह्या भरल्या. ती वही अजून माझ्या पेटीत वरच ठेवली आहे. त्या पानावर सगळे रकाने भरलेले आहेत, 'रहम'पुढचा एक सोडून. वाक्य सुचलं की त्या गावी जाऊन त्याला दाखवायचं आहे.