दोन दिवसांचं काम

आमच्या कोल्हापूरच्या घरमालकांइतका विचारी माणूस मी जन्मात पाहिला नाही. ते इतका विचार करत, की त्यांचा निर्णय म्हणून कधी होतच नसे.

पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ खिशात कायम टेप बाळगत. राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी घेतल्या, तेव्हा सामान आत येण्याआधी त्यांनी माझी उंची मोजली. "दार पाच-दहा हाय, तुमी पाच-सात. चालतंय," म्हणाले. मंडईत काकडी घेतानाही टेप निघे, आणि काकडीवाली तोंड फिरवून बसे. पण मोजून झालं, की पुढं गाडं अडायचं. काकडी घ्यायची का नाही ते ठरेपर्यंत बाजार उठायचा. मी तीन वर्षं त्यांचा भाडेकरू होतो, पण मला भाडेकरू समजावं की आणखी कोणी, हेही त्यांचं ठरलं नसावं. शेवटपर्यंत मी 'पावणं'च राहिलो.

त्यांचा सगळ्यात मोठा न झालेला निर्णय व्हरांड्यात गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता. मालकांकडे एक स्पोर्ट्स कार होती. बाटलीसारखी हिरवी, कापडी टपाची, दोन माणसांपुरती. संस्थानी काळातल्या कुणा सरदाराच्या घरून आलेली. दिसायला राजबिंडी, पण इंजिन अगदीच लहान. सपाटीवर सुसाट, आणि चढ दिसला की धाप. म्हणून उद्यमनगरातल्या दस्तगीर मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या एका थोरल्या मोटारीचं इंजिन मालकांना आणून दिलं होतं. ते हिच्यात बसवायचं की नाही, यावर आठ वर्षं विचार चालू होता. दूधवाला, पोस्टमन, दाताचे डॉक्टर, सगळ्यांचं मत घेऊन झालं होतं. डॉक्टरांनी तर ते माझं तोंड उघडं ठेवून दिलं होतं, कारण मालक मला सोबत म्हणून आले होते. सगळे म्हणत, बसवा. मालक म्हणत, "बघू की."

मिस्त्री महिन्यातून एकदा येत, गोणपाट काढून इंजिनाला तेल पाजत, ते जाम होऊ नये म्हणून हातानं फिरवत आणि जाताना न चुकता सांगत, "मालक, दोन दिवसांचं काम हाय. आज व्हय म्हणा, परवा चावी घ्या." या वाक्यासरशी मालकांचा चेहरा उतरे. मला वाटे, खर्चाला भीत असतील.

त्या इंजिनाचं एक मात्र मला कधी उमगलं नाही. गुरुवारी दुपारी त्याच्या जवळून गेलं की ऊब लागे. एकदा गोणपाटाखाली हात घातला, तर लोखंड नुकतंच बंद केल्यासारखं गरम. मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "ऊन लागत आसंल." व्हरांडा उत्तरेकडं तोंड करून होता. मिस्त्रींनाही ते ठाऊक होतं, कारण पुढच्या खेपेपासून त्यांनी गुरुवारी यायचं सोडलं.

गुरुवारी मालक गाडी घेऊन पन्हाळ्याला जात. एकटेच. निघण्याआधी डावी सीट स्वतःच्या रुमालानं पुसत, आणि त्या सीटवर कुणाला बसवत नसत. एका श्रावणातल्या गुरुवारी मला पन्हाळ्यावर कचेरीचं काम निघालं. मी एस.टी.ला निघालो होतो, तेवढ्यात मालक म्हणाले, "बसा पावणं." हा निर्णय त्यांनी इतक्या झटकन घेतला, की मीच घाबरलो.

वाघबिळापर्यंत मजेत गेलो. पन्हाळ्याचा चढ लागला आणि दुपारी तीन वाजता गाडीचं नाकही दिसेना, इतकं धुकं उतरलं. एका वळणावर गाडीनं दम सोडला. मालक समोर बघत म्हणाले, "उतरा. दोघांस्नी ओढत न्हाय ती. ही पायवाट वर रस्त्यालाच मिळती. मी वर थांबतो."

मी पायवाटेला लागलो. माझ्या पुढं कुणीतरी चाललं होतं. दिसत नव्हतं, पण नव्या चपलांची करकर स्पष्ट येत होती. "रस्ता हाच ना?" मी विचारलं. उत्तर नाही. मी थांबलो की करकर थांबे, मी निघालो की निघे. वाटेत एक बसका दगड लागला, तिथं मात्र ती माझ्यासाठी थांबली नाही, आपल्यासाठीच थांबली. धाप लागल्यावर माणूस टेकतं तशी. मग पुन्हा सुरू झाली. मागं फिरायचं धैर्य मला नव्हतं.

वर आलो तेव्हा गाडी धुक्यात उभी होती. तिचं डावं दार नुकतं लागल्याचा आवाज मी ऐकला. मालक डाव्या चाकापाशी गुडघे टेकून, जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावून बसले होते. गाडी त्या अंगाला चांगली दोन बोटं खाली बसलेली. सीट रिकामी. मालकांनी टेप गुंडाळला आणि अगदी सहज म्हणाले, "पावणं, तुमी एस.टी.नं या. गाडी भरली." आणि निघून गेले.

गडावरच्या चहाच्या टपरीत ते भेटले तेव्हा समोर दोन कप होते. मी एक उचलायला हात पुढं केला, तर म्हणाले, "तुमचा तिसरा सांगा." मग बाहेरच्या धुक्याकडं बघत त्यांनी सांगितलं. बायकोला पन्हाळ्याची हौस. दर गुरुवारी दोघं यायची. त्या वळणावर गाडी दोघांना ओढायची नाही, म्हणून ती उतरून पायवाटेनं वर यायची आणि पुन्हा बसायची. इंजिन आणून वर्ष झालं होतं. ती म्हणायची, एकदाचं ठरवा की. हे म्हणायचे, बघू की. एका गुरुवारी हे वर थांबले, थांबले, आणि ती आलीच नाही. त्या बसक्या दगडावर बसली होती, ती उठली नाही.

"सात वर्षं झाली. आता रोज येती बघा. म्हंजे दर गुरुवारी. येताना वर बसती, जाताना त्याच वळणावर उतरती."

मला थट्टा सुचेना. म्हणालो, "मग इंजिन बसवलं तर गाडी तिथं थांबणार नाही, म्हणून अडलंय होय? मालक, गाडीला ब्रेक असतो."

"ब्रेकचं मला सांगू नगा." त्यांनी टेबलाची कड मोजायला घेतली आणि सोडून दिली. "सात वर्षं तिला सांगतोय, गाडी वडत न्हाय, म्हणून तुला चालावं लागतंय. आता वडाय लागली, तर ती इचारंल न्हवं, किती दिवसांचं काम हुतं?"

दस्तगीर मिस्त्रींच्या त्या वाक्यानं यांचा चेहरा का उतरे, ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. आठ वर्षं सगळी गल्ली या माणसाला हसत होती, आणि आल्यापासून मीही.

मी म्हणालो, "आणि नाही बसवलं, तर त्यांना चालतच राहावं लागणार. मी आत्ता त्यांच्या मागून आलोय मालक. त्यांना धाप लागते."

तिसरा चहा मग त्यांनीच सांगितला.

शनिवारी सकाळी मिस्त्री साखळी आणि कप्पी घेऊन दारात हजर. सोमवारी गाडी तयार. बॉनेट नीट लागेना, म्हणून ते पट्ट्यानं बांधलं होतं. खरोखरच दोन दिवसांचं काम निघालं. त्या गुरुवारी मालक पन्हाळ्याला गेले आणि दिवेलागणीच्या आत परतले. गाडी दारात उभी होती, आणि डावं अंग दोन बोटं खाली होतं.

ते तसंच राहिलं. शुक्रवारी, शनिवारी, पुढच्या महिन्यातही. मिस्त्रींनी स्प्रिंगचा पाटा बदलून पाहिला. नव्या पाट्यावरही गाडी तेवढीच कलली. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, पण पुन्हा विषय काढला नाही. व्हरांड्यातल्या रिकाम्या जागी आता ऊब लागत नव्हती.

वर्षभरानं माझी बदली झाली. निघताना मालक दारापर्यंत आले. जाता जाता मी हळूच विचारलं, "काकूंनी विचारलं का हो कधी?"

"पहिल्याच गुरुवारी. वळणावर तिला बसवून घेतलं आन् गाडी दमली न्हाय, तवाच."

"मग?"

"खरं ते सांगितलं. दोन दिवसांचं काम हुतं, म्या केलं न्हाय."

"काय म्हणाल्या?"

मालकांनी गाडीच्या डाव्या सीटकडं पाहिलं. त्यांचा टेप हल्ली खिशात नसायचा. "काय बी न्हाय बोलली," ते म्हणाले. "पण अजून उतरली न्हाय."

रिक्षा उभी होती. मी ट्रंक उचलली आणि गाडीजवळून जाताना, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं त्यांना म्हणालो, "येतो काकू." मालक दारातून म्हणाले, "सावकाश जा पावणं," आणि रुमाल काढून डावी काच पुसू लागले.