दत्ताभाऊ आणि मी कापलेली ओळ

श्री. दत्तात्रय मारुती खांदवे पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होतो. तळेगावला आमच्या घरामागच्या खोलीत माझा हार्मोनियमचा आणि कीबोर्डचा क्लास चालत असे. भिंतींना गोधड्या ठोकून मी तिथेच रेकॉर्डिंगही करत असे. एका संध्याकाळी देहूरोडच्या डेपोतली ड्युटी संपवून, जेवणाचा डबा हातात घेऊन एक उंच, सावळे गृहस्थ आले आणि म्हणाले, "मास्तर, कॅसेट काढायचीय." मी म्हटलं, "गाऊन दाखवा." ते म्हणाले, "गात न्हाई मी. बोलतो. पन तालात बोलतो." "मग कीर्तनाला उभे राहा की!" मी फटकन म्हणालो. ते रागावले नाहीत. हसले, डबा खाली ठेवला, उजव्या पायाने फरशीवर ठेका धरला आणि असे काही बोलू लागले की क्लासमधली मुलं पेटी वाजवायची थांबली. औंढ्यातलं त्यांचं घर, भाताचं खाचर, वडिलांचा खोकला, आईने चुलीपासून ओरडून मारलेली हाक, सगळं पाच मिनिटांत त्यांनी माझ्या खोलीत आणून ठेवलं. मी मुकाट्याने चहा टाकायला सांगितला. त्या दिवसापासून आजतागायत मी त्यांच्या मागे कीबोर्ड वाजवतो आहे.

आज दत्ताभाऊ वयाची साठ वर्षं पूर्ण करत आहेत. मावळी बोलीत रॅप करणारा त्यांच्या आधी कोणी होता, हे मला कोणी दाखवून द्यावं, मी माझी पेटी विकून टाकीन! गावागावांतले लोक तेव्हा त्याला रॅप म्हणत नसत, 'भरभर गाणं' म्हणत. "दत्ताचं भरभर गाणं हाये, चला," असा निरोप फिरायचा आणि देवळापुढचं पटांगण भरायचं. आता पिंपरी-चिंचवडची, पुण्याची मुलं उलट्या टोप्या घालून त्यांना भेटायला येतात, वाकून नमस्कार करतात आणि 'भाऊ, फ्लो कसा आणायचा?' असं विचारतात. भाऊ सांगतात, "आदी चाला. बसून शब्द सुचत न्हाईत, झोप येती." तेव्हा शेजारी बसून मी उगाचच मान ताठ करतो. अभिमान वाटतो, तो कशाला लपवू?

या गौरवग्रंथाच्या समितीने मला 'दत्ताभाऊंची मैत्री' हा विषय दिला आणि माझी पंचाईत झाली. पंचवीस वर्षांपूर्वी भाऊंचा सर्वांत जुना मित्र त्यांच्यापासून तुटला, तो माझ्यामुळे. दोष भाऊंनी स्वतःवर घेतला आणि मला गप्प बसायला लावलं. हे झाकून त्यांच्या मैत्रीवर लिहिणं म्हणजे आणखी एक खोटेपणा. तेव्हा वाचकहो, गौरव करता करता मी माझी चूकही इथे कबूल करणार आहे.

त्या मित्राचं नाव बबनराव जांभूळकर. आंदर मावळातल्या हेदवाडीचे. शाळेसाठी ते औंढ्याला नातेवाइकांकडे राहत, आणि दत्ताभाऊंच्या पहिल्या तुकबंदीला ताल धरला तो त्यांनीच, दुधाच्या रिकाम्या किटलीवर. पुढे भाऊ डेपोत लागले, बबनराव गावी शेती आणि म्हशी बघू लागले, पण दोस्ती तशीच राहिली. बबनरावांच्या आई, सगुणामावशी, भाऊंना आपला दुसरा मुलगाच मानत.

भाऊंनी मावळातल्या गावांची नावं गुंफून एक लांबलचक गाणं रचायला घेतलं, 'चाल मावळ'. त्यांची काम करायची रीत न्यारी होती. प्रत्येक गावी स्वतः चालत जायचं, कुणाच्या तरी ओट्यावर पाणी प्यायचं आणि विचारायचं, "तुमच्या गावाबद्दल एकच गोष्ट सांगायची तर काय सांगू?" गाव जे सांगेल तीच त्या गावाची ओळ. हेदवाडीची ओळ सगुणामावशींनी सांगितली: 'हेदवाडीला रस्ता न्हाई, तरी दाराला कुटं कडी न्हाई.' भाऊ ती ओळ ऐकून इतके खूश झाले की तळेगावपर्यंत तीच म्हणत आले.

रेकॉर्डिंग झालं. आता माझा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे ते हसतील. मला ताल म्हणजे ताल. मावशींची ओळ अर्धी मात्रा लांब पडत होती. मी म्हटलं, भाऊ, 'तरी' काढा. भाऊ म्हणाले, "मावशीचा शब्द हाये, मास्तर. लांब असंल तर असू द्या." मी मान डोलावली. पण कॅसेटी काढायला पुण्याला टेप पाठवायच्या आदल्या दिवशी ते डेपोत होते आणि मी एकटा होतो. ब्लेड घेतलं, एकटा 'तरी' कापता येईना म्हणून हेदवाडीची अख्खी ओळच कापली आणि मागचं गाव पुढच्या गावाला चिकटवलं. जोड इतका सफाईदार झाला की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं मला खरंच वाटलं. शहाणाच मी!

कॅसेटी आल्या त्याच दिवशी हेदवाडीची जत्रा होती. पहिली कॅसेट मावशीला ऐकवायची, असा भाऊंचा शब्द गेलेला. मी खोकं घेऊन बरोबर गेलो. भर दुपारी देवळापुढे घोंगड्या अंथरल्या होत्या, बबनरावांनी टेप लावला आणि अख्खं गाव कान देऊन बसलं. एकेक गाव येत गेलं, लोक हसत गेले, टाळ्या देत गेले. अलीकडचं गाव आलं तशा सगुणामावशी पदर सावरून पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "गप बसा रं, आता आपलं." आणि पलीकडचं गाव आलं.

बबनरावांनी टेप मागे फिरवून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्यांनी तो बंद केला आणि भाऊंकडे बघून म्हणाले, "यष्टी न्हाई, रस्ता न्हाई, आता गान्यातबी न्हाई व्हय रं?" भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असणार. मी तोंड उघडायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. भाऊच म्हणाले, "माज्याकडनं राहिली, बबन. चुकलो."

परतीच्या वाटेवर मी रडकुंडीला येऊन म्हटलं, मी उद्या जाऊन सांगतो. भाऊ म्हणाले, "काय नगं. तुमच्या क्लासला निम्मी पोरं आंदर मावळातली हायेत. मास्तरनं गाव कापलं असं झालं तर उद्या एक पोरगं येनार न्हाई. माजं काय, मला दोन शिव्या देतील आन् इसरतील." गाव विसरलं नाही. बबनरावांनी बोलणं टाकलं, भाऊ दोनदा घरी गेले तर उठून गोठ्यात निघून गेले. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात भाऊंनी हेदवाडीची ओळ आवर्जून म्हटली, 'तरी'सकट, आणि मी अर्धी मात्रा थांबत आलो. तेवढीच माझी शिक्षा. पण हेदवाडीचं कुणी ती ऐकायला येत नव्हतं.

आता धंद्यांविषयी. डेपोतली नोकरी सोडून भाऊंनी आधी लाऊडस्पीकरचा धंदा काढला. गावात कुणी आजारी असलं की हे आपणहून आवाज बंद करायचे. लग्नाची वरात ऐन रंगात आलेली आणि स्पीकरवाला म्हणतोय, "पलीकडच्या घरी म्हातारी झोपलीय." कसा चालायचा धंदा! मग गुलाबांचं पॉलीहाऊस टाकलं. एका वादळाने त्याचा कागद फाडून नेला. त्या दिवशी मी सांत्वन करायला गेलो तर भाऊ जागेवर नव्हते. कामावरच्या सात बायकांना घेऊन ते शेजारच्या पॉलीहाऊसवाल्यांच्या दारोदार फिरत होते. सातही जणींना काम लागल्यावरच ते परत आले आणि मग स्वतःचा फाटका कागद गोळा करायला वाकले. मी तेव्हा म्हणालो होतो, "भाऊ, तुम्हाला धंद्याची अक्कल नाही." तो शब्द आज मी मागे घेतो.

कारण तिसरा धंदा चालला, आणि कसा चालला! भाऊंनी भाताची गिरणी काढली. आपल्याकडचा इंद्रायणी तांदूळ बाजारात कुठलाही कशातही मिसळून विकला जातो. भाऊंनी ठरवलं की एका गावाचा तांदूळ दुसऱ्यात मिसळायचा नाही आणि पिशवीवर गावाचं नाव छापायचं. प्रत्येक गावाला गिरणीचा एक दिवस नेमून दिला, त्याला ते 'पाळी' म्हणतात. आज लोणावळ्याला फिरायला आलेले लोक गावाचं नाव सांगून तांदूळ मागतात. ज्या गावांचं नाव टपालवाल्याला धड माहीत नव्हतं, ती नावं मुंबईच्या स्वयंपाकघरांत पोचली. हे एका रॅपरने केलं, याचा मावळाला अभिमान वाटला पाहिजे.

त्या पाळ्यांमध्ये एक दिवस हेदवाडीचा आहे. बबनराव भात पाठवत नाहीत, त्यांच्यामागे गावही पाठवत नाही. तरी दरवर्षी त्या दिवशी भाऊ दुसऱ्या कुणाचं भात घेत नाहीत. गिरणी बंद ठेवून दारात खुर्ची टाकून बसतात. ऐन हंगामात! कुणी विचारलं तर म्हणतात, "आज हेदवाडीची पाळी हाये." मी एकदा चिडून म्हणालो, "तुम्हाला राग कसा येत नाही हो?" ते शांतपणे म्हणाले, "कुनाचा येऊ? बबनचं दुखलंय, त्यो रुसलाय. तुमी घाबरला व्हता. माजं मन निवांत हाये, मास्तर. रात्री आडवा झालो की झोपतो." ते झोपत होते. माझी झोप गेली होती.

म्हणून लेखाचं निमंत्रण आल्यावर मी भाऊंना न सांगता हेदवाडीला गेलो. आता रस्ता आहे. बबनराव ओट्यावर सुपात वाल निवडत बसले होते. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं. मी तांब्या खाली ठेवून एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाले, "अर्ध्या मात्रंसाटी?" मी म्हटलं, "हो." "आन् त्यानं तुमचा क्लास राखायला आमाला खोटं सांगितलं?" मी म्हटलं, "हो." ते आत बघून म्हणाले, "आय शेवटपतूर इचारायची, दत्तानं आपलं गाव का गाळलं? कशापायी रागावला आपल्याव? आपलं काय चुकलं?" सगुणामावशींना जाऊन आठ वर्षं झाली. मी हात जोडले. ते म्हणाले, "जावा आता, मास्तर." मी आलो.

गेल्या महिन्यात हेदवाडीची पाळी होती. मी गिरणीवर भाऊंशेजारीच बसलो होतो. सकाळी दहाच्या सुमाराला बबनराव आले, एकटेच, हात रिकामे. आल्या आल्या त्यांनी भाऊंना जी हाक मारली ती या ग्रंथात छापण्यासारखी नाही. मग कडाडले, "मास्तर भ्याला, समजू शकतो. तुला कुनाचं भ्या व्हतं? मला न्हाई तर न्हाई, आयला तरी खरं सांगायचंस! ती झुरत गेली आन् तू हितं निवांत झोपत व्हतास?" तीस-पस्तीस वर्षांत मी दत्ताभाऊंना शब्द न सुचलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ते खुर्चीवरून उठले. "हे माज्या ध्यानातच आलं न्हाई, बबन," एवढंच म्हणाले आणि भरल्या पटांगणांना हसवणारा तो माणूस लहान मुलासारखा रडला. त्यांनी माझ्यावर उपकार केले, ते सगुणामावशींना भोगावे लागले. हे ओझं भाऊंचं नाही, माझं आहे, हे मी इथे सगळ्या मावळासमोर लिहून देतो.

बबनराव गेले नाहीत. भाऊंची खुर्ची ओढून बसले आणि बोलत राहिले. रागावून बोलले, मध्येच हसून बोलले, म्हशींचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, पुन्हा रागावले. भाऊ जमिनीवर बसून ऐकत होते. दिवस कलला तसे बबनराव धोतर झटकून उठले आणि म्हणाले, "आज येवढंच. पंचवीस वर्साचं साचलंय, लय बोलायचं हाये तुला. ते सरल्याबिगर मरायचं न्हाई, सांगून ठिवतो!" भाऊ म्हणाले, "न्हाई मरत."

षष्ट्यब्दीनिमित्त दत्ताभाऊंना दीर्घायुष्य चिंतताना मला यापेक्षा मोठं कारण सुचत नाही. बबनराव सावकाश बोलणारे आहेत, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा पहिल्यापासून सांगण्याची त्यांना सवय आहे. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत दत्ताभाऊंचे कान शाबूत राहोत, छातीतला दम टिको आणि हेदवाडीपर्यंत चालत जाण्याएवढं बळ त्यांच्या पायांत राहो, हीच माझी प्रार्थना.