प्रसाद आणि पुडी

महाशिवरात्र, दुपार. पंचवटीतल्या घरी हजर: मोठे काका, मी आणि केमोमुळे जिच्या पोटात अन्न टिकत नाही ती माझी ताई. काकांनी भांगेची थंडाई प्रसाद म्हणून दोनदा घेतली. मळमळ थांबावी म्हणून ताई गांजाची पुडी मागवते हे कळताच ते कडाडले, “आपल्या घरात नशा?”

“काका, झाड एकच आहे,” ताई म्हणाली. “तुमचं देवाने पाठवलं, माझं रिक्षावाल्याने.”

इथे जवळच द्वारका चौकात दारूचं दुकान कर भरून उजळ माथ्याने चालतं. गांजालाही परवाना द्या, कर लावा, तपासून विका. पुडीत काय मिसळलंय ते तरी कळेल. पण त्याने संस्कृती बुडते म्हणे, आणि हे सांगायचं थंडाईचा पेला रिकामा करून!

सोमवारी ताईचा पुढचा केमो आहे. खात्रीची पुडी अजून मिळालेली नाही.