दादाने चिकटवलेली काच

"छातीत जळजळून राहिलंय रे," दादा म्हणाला. मुदखेड स्टेशनवर तो मला सोडायला आला होता. "गॅस असंल. काय होत न्हाई," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. "मोजलंस का?" एवढंच विचारलं... दुसऱ्या दिवशी मी मुखेडला वर्गात शिकवत असताना वहिनींचा फोन आला. दादाला जाऊन आता महिना झाला.

त्या नजरेमागची गोष्ट मला ठाऊक होती. दादा विदर्भातल्या एका कोळसा खाणीत सर्व्हेअर होता. खालून कोळसा काढला की वरची जमीन बसते. ती किती बसली हे मोजणं त्याचं काम. खाणीवरच्या वस्तीभर लोखंडी खुंट्या ठोकलेल्या. कधी हलणार नाही असं मानलेल्या एका पक्क्या खुणेपासून दुर्बिणीने त्यांची उंची घ्यायची. आकडे महिनोन्महिने जागेवर. लोक विचारायचे, हा छातीठोक सांगायचा, "काय होत न्हाई." एक दिवस एका भिंतीच्या तड्यावर त्याने चिकटवलेली काच फुटली. तडा रुंदावल्याशिवाय ती फुटत नाही. मग आकडे खोटे कसे? दादाने खाणीच्या हद्दीबाहेरच्या लांबच्या पुलापासून नव्याने मोजत आणलं, तेव्हा कळलं. ती पक्की खूणच खुंट्यांबरोबर खाली चालली होती. खूण निवडली होती त्यानेच.

मग घरोघर एकच, "माझं चुकलं, बाहेर निघा." लोक निघाले. लेकामागं तिकडं गेलेली आपल्या मुखेडकडची एक म्हातारी मात्र चुलीपुढून हलेना. "तूच म्हणलास न्हवं, काय होत न्हाई म्हून? आता काहून भेव दाखवतूस?" दादा तिच्याच बाजेवर बसला. "मग मी बी हितंच बसतो." भिंतीतून माती गळत होती... म्हातारीने शिव्या घातल्या, भाकरी फडक्यात बांधल्या. "ऊठ मुडद्या, तुला लेकरंबाळं हायेत!" दोघं बाहेर पडले. दुपारी तिची चूल जमिनीत गेली.

त्यानंतर 'काय होत न्हाई' हे शब्द मी दादाच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. आणि हे सगळं माहीत असलेला मी, शहाणा मास्तर, स्टेशनवर नेमकं तेच बोलून बसलो! दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. फार तर गाडी चुकली असती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मुदखेडच्या त्याच्या घराला काळ्या मातीमुळे तडा गेलाय. त्यावरही दादाची काच आहे. परवा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, घराला काय होत न्हाई ना?" ओठांवर आलेलं गिळलं. चष्मा लावला, काचेखाली स्टूल ओढलं.

"थांबा वहिनी, बघून सांगतो."