मागे नीट ऐकू येत होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. संधी आली नाही असं नाही, बऱ्याच आल्या. दरवेळी मी आणखी एक चहा मागवला आणि विषय रस्त्यांच्या खोदकामावर नेला. पुण्यात तो विषय कधी संपत नाही, त्यामुळे सोय होते. आता तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

मी बास गिटार वाजवतो. हे बँडमधलं असं वाद्य आहे की बंद पडलं तर काहीतरी बिघडलंय एवढं लोकांना कळतं, काय बिघडलंय ते कळत नाही. पोटासाठी धायरीत मुलांना गिटार शिकवतो आणि आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी दुसऱ्यांचे बँड ऐकायला जातो. बाणेरला, कोरेगाव पार्कात, जिथे असतील तिथे. या जागा तुम्ही पाहिल्या नसतील तर सांगतो : भिंतींचं प्लास्टर पैसे मोजून खरवडून घेतलेलं असतं, निवेदक प्रत्येक बँडच्या गाण्यांना ‘प्रवास’ म्हणतो आणि गिटारवाला डोळे मिटून वाजवतो. उघडले तर समोरचे लोक पिझ्झा खाताना दिसतील. प्रेक्षकांमधले वादक लगेच ओळखू येतात. ते मागे, हाताची घडी घालून उभे असतात. टाळ्या वाजवत नाहीत. फारच आवडलं तर मान हलवतात. मी त्यांच्यातलाच.

पण मागे उभं राहण्याला कधीकधी खरं कारणही असतं. तेवढं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

स्टेजवरच्या गायिकेला लोकांपर्यंत काय पोचतंय ते कळत नाही. तिच्या पायाशी एक स्पीकर असतो, त्यात तिचा आवाज तिला स्वच्छ ऐकू येतो. पण तो फक्त तिच्यासाठी. लोकांकडे जाणारा आवाज मागे मिक्सरवर बसलेला साउंडवाला ठरवतो. त्या जागेच्या साउंडवाल्याने ही गाणी बहुधा पहिल्यांदाच ऐकलेली असतात. म्हणून बँड आपला एक माणूस त्याच्या शेजारी उभा करतो. गाणं संपलं की गायिका त्या माणसाकडे बघते, कानाला बोट लावते. त्याने बोट वर केलं तर तिचा आवाज वाढवायचा. अंगठा दाखवला तर सगळं ठीक. साउंडवालाही त्याचंच ऐकतो. काम एवढंच. त्याला ना मानधन, ना पोस्टरवर नाव. पण ते कुणालाही देत नाहीत.

मुक्ताने ते मला दिलं होतं.

मुक्ता येरवड्याची. लहानपणी वस्तीतल्या जयंतीच्या स्टेजवर गायची. तिथे पायाशी स्पीकर नव्हता, मिक्सर नव्हता, एक माइक आणि खांबावर बांधलेले दोन कर्णे. तिचा आवाज गल्लीच्या टोकाला दुकानात बसलेल्या माणसाला ऐकू जायचा, असं तिचे वडील सांगत. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टाचे, फार बोलत नसत. पण हे एवढं ते भेटलेल्या प्रत्येकाला सांगत.

आमचा बँड सात-आठ वर्षांपूर्वीचा. मार्केट यार्डाजवळ एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर सराव करायचो. खाली कांद्याची पोती. गाळा बंद झाल्यावर आमच्या आवाजाची कुणाला हरकत नसे. आम्ही वाजवलेलं ऐकून तक्रार न करणारा तो पहिला शेजार. गाणी मुक्ताची, शब्दही तिचे. तुरुंगाच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर भेटीच्या दिवशी उभ्या राहणाऱ्या बायांवर तिचं एक गाणं होतं, अगदी हळू म्हणायचं. त्यात शब्द ऐकू आले नाहीत तर काहीच उरत नाही.

‘मी तो बँड सोडला’ असं मी लोकांना सांगत आलो. हेही खोटं. बँडने मला सोडलं. ओंकार नावाचा मुलगा माझ्यापेक्षा बरा वाजवत होता — होता, हे मला तेव्हाही ऐकू येत होतं — आणि मला ते सांगायचं काम मुक्तावर आलं. गाळ्याखालच्या टपरीवर तिने सांगितलं.

“तू हल्ली बिझी असतोस ना,” ती म्हणाली.

मी बिझी नव्हतो. हे दोघांनाही माहीत होतं.

“पण ऐक, शनिवारी मागे तूच उभा राहायचंस. दुसऱ्या कुणाच्या कानावर माझा भरवसा नाही.”

“एवढा सन्मान? हारबीर आहे का काही?”

“नारळ आहे. तो आत्ताच दिला की.”

मी हसलो. विनोद चांगला होता. आजही चांगला वाटतो. मी हे कारण म्हणून सांगत नाही, घडलं त्या क्रमाने सांगतोय. दोन्हींत फरक आहे ना? असावा.

त्या शनिवारी एका मोठ्या महोत्सवासाठी बँड निवडणारे गृहस्थ येणार होते. ते आले. मे महिन्यात जाकीट घालून आले आणि बोलण्यात तीनदा ‘टेक्स्चर’ म्हणाले. मिक्सरपासून हाताच्या अंतरावर, म्हणजे माझ्याच शेजारी, उभे राहिले. मुक्ताचे वडील अगदी पुढच्या खुर्चीवर बसलेले. सुरू व्हायच्या आधी ते मुद्दाम मागे माझ्यापर्यंत आले.

“काय रे, इकडे मागेपर्यंत नीट ऐकू येणार ना?”

“काका, मी आहे ना.”

पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्याच्या आधी आमच्या गिटारवाल्याने, सगळे गिटारवाले करतात तसं, वाकून स्वतःचा आवाज हळूच वाढवला. आणि मुक्ता बुडाली. ओठ हलताना दिसत होते; शब्द येत नव्हते. मला ते पहिल्या ओळीतच कळलं. कळणार नाही असं कसं होईल? त्यासाठीच तर मी तिथे होतो.

गाणं संपलं. तिने माझ्याकडे बघितलं. कानाला बोट लावलं.

मी अंगठा दाखवला.

पहिल्या वेळी हात आपोआप तसा वर गेला, असं मी स्वतःला बराच काळ सांगत होतो. चालेल, तसंही असेल. पण साउंडवाला माझ्याकडे वळला. भला माणूस, त्याच्या लक्षात आलं होतं. “दादा, मॅडमना जरा वर घेऊ का?”

आणि मी म्हणालो, “नको. बँडला असंच पाहिजे.”

हे हात आपोआप वर गेल्यासारखं नाही. हे वाक्य आहे. विचार करून बोललेलं.

मग मी पुढे गेलो. पाणी आणायला म्हणून, पण खरं तर ऐकायला. काकांच्या खुर्चीमागे उभा राहिलो. स्टेजच्या इतक्या जवळ, तिच्या पायाशी असलेल्या स्पीकरमधून आणि थेट तिच्या गळ्यातून, तो आवाज मोकळा येत होता. ते हळू म्हणायचं गाणं चाललं होतं. मी तिच्याकडून ते गाळ्यात किती वेळा ऐकलं असेल, पण इतकं चांगलं कधीच नाही. एकही शब्द निसटत नव्हता. मी अख्खं कडवं तिथे थांबलो. मग मागे जाऊन माझ्या जागी उभा राहिलो. तिथे फक्त गिटार आणि खाली ओंकारचा बास. तिने कानाला बोट लावलं. मी अंगठा दाखवला. जाकीटवाले गृहस्थ घड्याळ बघून निघून गेले.

दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला : वादक तयार आहेत, गायिकेत दम नाही.

इथे थांबलो असतो तर ही एका मत्सरी माणसाची साधी गोष्ट झाली असती. तशी माणसं खूप. पण मी आणखी एक केलं, आणि मला वाटतं, कबूल करायचं आहे ते हेच.

मुक्ताने मला चहाला बोलावलं. घरी, येरवड्याला; काकाही होते. ती रडली वगैरे नाही. कुणीतरी मागच्या बाजूने फोनवर काढलेला व्हिडिओ तिने पुन्हा पुन्हा बघितला होता, आणि त्यात तिचा आवाज नव्हताच जवळजवळ.

“फोनचं काय घेऊन बसलीस,” काका म्हणाले. “मला शेवटच्या गाण्यापर्यंत शब्दन्‌शब्द कळला.”

“बाबा, मी खोकले तरी तुम्ही वाहवा म्हणाल.” मग ती माझ्याकडे वळली. “तू मागे होतास. खरं सांग. नीट ऐकू येत होतं?”

लक्षात येतंय का तुमच्या, ती काय विचारत होती? नाही म्हटलं असतं तर दोष साउंडचा होता, त्या संध्याकाळचा होता, ती मोकळी. पण मग पुढचा प्रश्न आला असता : तू अंगठा का दाखवलास? हो म्हटलं तर एकच अर्थ उरतो. आवाज पोचला, आणि त्यात दम नव्हता.

मी म्हणालो, “हो. मागे नीट ऐकू येत होतं.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. जाणकार माणूस सांगतोय म्हणजे तसंच असेल, असं त्यांना वाटलेलं दिसलं. त्यांनी बशीत चहा ओतला. गल्लीच्या टोकाला जाणाऱ्या आवाजाची गोष्ट त्यानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

बँडने दुसरी गायिका घेतली आणि पुढच्या वर्षी ते त्या महोत्सवात वाजवून आले. मुक्ताने गाणं थांबवलं. खराडीला एका कंपनीत चांगली नोकरी आहे. जयंतीला वस्तीतली मुलं विचारायला आली की ती म्हणते, “माझा आवाज छोट्या खोलीपुरता आहे रे, स्टेजला पुरत नाही.” एकदा काका मला रस्त्यात भेटले. “तिला जरा समजाव,” म्हणाले, “तुझं ऐकते ती.” मी हो म्हणालो आणि गाडीला किक मारली.

मी अजून बँड ऐकायला जातो. आता तर माझं नाव झालंय : मागे उभा राहणारा माणूस. ओळख नसलेले बँडही कार्यक्रमाआधी विचारतात, “सर, जरा लक्ष ठेवाल?” मी ठेवतो. गेल्या सात-आठ वर्षांत मी एकदाही चुकीचा अंगठा दाखवलेला नाही. याने काही फिटत नाही, हे मला समजतं.

गेल्या महिन्यात मुक्ता माझ्याबरोबर आली होती. येते कधीकधी, आमची मैत्री टिकलीय, तिच्या बाजूने तरी. एक नवीन मुलगी गात होती. दुसऱ्या गाण्यात गिटारवाला वाकला, आणि ती बुडाली. गाणं संपल्यावर तिने माझ्याकडे बघून कानाला बोट लावलं. मी बोट वर केलं. साउंडवाल्याने आवाज वाढवला आणि पुढच्या गाण्याच्या पहिल्याच ओळीला लोकांनी खाणं थांबवून वर बघितलं.

“बरं केलंस,” मुक्ता म्हणाली. “पोरगी चांगली गातेय, उगाच बुडाली असती.” थोडा वेळ ऐकून मग, सहज : “माझं तसं नव्हतं. तू होतास मागे.”

मी मान हलवली.

हे छापून येईल तेव्हा मुक्ता वाचेल. ती सगळं वाचते. म्हणून आता तुम्हाला नाही, तिला सांगतो. त्या शनिवारी दुसऱ्या गाण्यापासून तुझा आवाज मागे येत नव्हता, आणि ते मला माहीत होतं. मी पुढे जाऊनही ऐकलं होतं. काकांचं बरोबर होतं.