माझ्यामागं मीच

भजनात ताई पुढं आणि मी मागं, हे आमच्यात लहानपणीच ठरून गेलं होतं. ती ओळ म्हणायची, मी झील धरायची, म्हणजे तीच ओळ मागून उचलायची. पुढं ती अकोल्यात नांदली, मी अमरावतीत. तरी सणावाराला, बारशाला आम्ही जोडीनंच गायला बसायचो. गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली आणि आवाज घोगरा झाला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गात राहा, सुटेल. बाईसाहेबांनी उलटंच केलं. टाळ भजनी मंडळातल्या एकीला देऊन टाकले आणि गाणंच बंद.

मला तिचा राग आला होता, आणि एकटीनं गायला जीवही धजत नव्हता. अशात मोबाइलमध्ये आवाजावर आवाज चढवायचं ॲप सापडलं. म्हटलं, ताई नाही तर नाही, आपणच आपल्यामागं बसू. ऐन मे महिन्यात कूलर बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम होत मी गायले. कूलरच्या घरघरीत रेकॉर्डिंग कसलं होतंय. आधी ताईची पुढची ओळ, खालच्या सुरात. मग कानात ती ऐकत माझी, वरच्या. मग मधली एक, हौस म्हणून. सूर जुळले होते, पण गाणं काही केल्या बसेना. तीन बाया एकाच दारात अडकल्यासारखं वाटत होतं.

काय चुकलं ते सांगणारी एकच होती. पण तिच्यावाचून माझं भागतंय असं वाटलं, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, ही मला खरी भीती. ऐकवावं की नाही, हे अकोल्याला निघताना बडनेऱ्याला गाडीत बसले तरी ठरेना, मूर्तिजापूर गेलं तरी ठरेना.

ताई चिंचा फोडत बसली होती. मी तिच्या कानात इयरफोन घातले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. रागावली नाही, हळहळलीही नाही.

"ओळ पुरी काहून म्हणून राहिली तू?" ती म्हणाली. "शेवटचा शब्द सोडा लागते. थो मागच्याचा असते."

इतकी वर्षं माझा समज असा की तिचा दम पुरत नाही, म्हणून तो शब्द मी सावरून घेते. ती तो माझ्यासाठी ठेवत होती, हे मला कधी कळलंच नाही.

मग तिनंच कूलर बंद केला आणि पुन्हा म्हणायला लावलं. मी तिच्याकडं पाठ करून फोनसमोर बसले, ओळ म्हटली, शेवटचा शब्द सोडला. तो मागून आला. घोगरा, पण सुरात. वळून पाहिलं असतं तर ती थांबली असती, म्हणून मी तशीच पुढच्या ओळीवर गेले. प्रत्येक ओळीला ती आली.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मिटव थे. फाटका निंगाला आवाज."

मी म्हटलं, मिटवणार नाही, काहीही म्हण.

ती जरा वेळ चिंचोके गोळा करत राहिली.

"मंग अजून एक डाव घे," ती म्हणाली. "पट्टी जराशी खाली धर. मले जमन."